सगळीकडे तीन

नर्सेसचा एआयकडे बघण्याचा दृष्टिकोन आकड्यांत पकडणं हे सध्या माझं काम. त्यासाठी शेपमन आणि रॉडवे यांची 2020 सालची मोजपट्टी वापरते. वीस विधानं, प्रत्येकाला 1 (पूर्णपणे असहमत) ते 5 (पूर्णपणे सहमत) गुण. बारा एआयच्या बाजूची, आठ विरोधातली; विरोधातल्यांचे गुण नंतर उलटे करायचे, म्हणजे 5 चा 1, 4 चा 2. मध्येच एक सापळा असतो: इथे ‘पूर्णपणे सहमत’ निवडा. न वाचता खुणा करणारे तिथे सापडतात.

सगळीकडे 3 ठोकलेले फॉर्म मी एरवी बाजूला काढते. ड्युटी संपताना कागद पुढे केला की ते येणारच, आणि इन्चार्ज शेजारी उभ्या राहून ‘आटपा गं’ म्हणत असतील तर जास्तच. प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात हे कोणी लिहीत नाही.

त्या सकाळी नाईट संपवून एक ज्येष्ठ सिस्टर बसल्या. फॉर्म अगदी सावकाश भरला आणि पेटीत न टाकता माझ्या हातात दिला. वीसच्या वीस ठिकाणी 3. सापळ्यावर मात्र बरोबर 5. म्हणजे बाईंनी ओळ न् ओळ वाचली होती.

“कुठलं एआय, मॅडम?” त्या म्हणाल्या. “ड्युट्या लावणारं, की अलर्ट देणारं?”

मग अलर्टचं सांगत बसल्या. पेशंट बाथरूमला जाऊन आला, नाडी वाढली, की स्क्रीन लाल. पाहिल्याचं बटण दाबा, कारण टाइप करा, डॉक्टरांना उठवा, त्यांची बोलणी खा. “पण एकदा त्या अलर्टनेच सेप्सिस, म्हणजे संसर्गातून जिवावर बेतणारी अवस्था, माझ्याआधी पकडला. मी नुकताच बीपी घेतला होता, मला पेशंट बरा वाटला होता. त्या रात्री विचारलं असतंत तर पाच दिले असते. काल रात्री एक.” उठता उठता म्हणाल्या, “आणि अलर्ट मी बंद केला, पेशंट बिघडला, तर चार्टवर सही माझी. ते कुठे आहे यात?”

यात ते नाही. ही मोजपट्टी सर्वसामान्य लोकांसाठी, एकूण एआयबद्दलची. वॉर्डात ‘एकूण एआय’ कुणालाच भेटत नाही.

3 उलटा केला तरी 3 च राहतो. त्यामुळे फाइलमध्ये या सिस्टर आणि कंटाळून मधल्या रकान्यात खुणा करत सुटलेली कुणीही, फक्त सापळ्याच्या एका आकड्याने वेगळ्या. गाइड म्हणाले, त्यांना धरून आणि वगळून, दोन्ही गणितं करा. केली. सरासरी दुसऱ्या दशांशापर्यंत तीच आली, आणि सरांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने नाही. पुढच्या फेरीच्या फॉर्मवर विधानांच्या आधी मी एक रिकामी ओळ घातली आहे: ‘उत्तरं देताना कोणतं यंत्र डोळ्यासमोर आहे?’ सरांनी विचारलंय, हिला गुण कसे देणार. अजून उत्तर पाठवलेलं नाही.