समुद्र सोडून बाकी सगळं : आमची वाटचाल

कोकणात व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे म्हटलं, की समोरचा आधी लग्नाची तारीख सांगतो आणि मग रेट विचारतो. आमचंही दुकान लग्नांवरच उभं राहिलं. कुडाळच्या बाजारात भाड्याचा गाळा, कॅमेरा माझ्याकडे, साउंड आणि एडिटिंग धाकट्या भावाकडे. मुलगी कॅमेरा धरते याचं मांडवातल्या काका मंडळींना भारी कौतुक. पैसे द्यायची वेळ आली की मात्र ते भावाला शोधायचे. असो. लग्नांनी कॅमेऱ्याचे हप्ते फेडले, त्यामुळे लग्नांना नावं ठेवणार नाही.

धंद्याला वळण लागलं ते तारकर्ली-देवबागकडे स्कूबा, होम-स्टे आणि रिसॉर्ट वाढले तेव्हा. प्रत्येकाला दोन मिनिटांची फिल्म हवी आणि प्रत्येकाला तीच हवी. ड्रोन माडांवरून वर जातो, समुद्र दिसतो, एक पाहुणी हॅट सावरत चालते, सुरमईचं ताट येतं, सूर्य बुडतो. पाच रिसॉर्टच्या फिल्म नावं झाकून लावल्या तर मालकालाही आपली कुठली ते ओळखता येणार नाही. पैसे वेळेवर मिळायचे, पण अशा कामाचा दर दर मोसमात खाली येतो, कारण तोच शॉट नवा ड्रोन घेतलेला कुणीतरी निम्म्या पैशात द्यायला तयार असतो. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की समुद्र नसलेली कामं शोधायची. गिऱ्हाइकासमोर ‘प्रयोग’ हा शब्द काढायचा नाही, ‘जरा वेगळी ट्रीटमेंट’ म्हणायचं. प्रयोग म्हटलं की माणूस ॲडव्हान्स देताना हात आखडता घेतो.

पहिलं तसं काम वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींच्या बागा आजूबाजूला, आणि मालकाला हवी होती नेहमीची जाहिरात : लाल-पिवळी बोंडं, वाटीतला खारा काजू, मागे बासरी. आम्ही म्हटलं, संगीतच नको. कारखान्यात जे ऐकू येतं तेच वाजवू. भावाने तिथे आधी नुसते आवाज घेतले. बी वाफवताना सुटणारा फुत्कार. थंड झालेली बी कटरच्या पात्यांत धरून पेडल दाबलं की होणारा ‘टक्’. त्याच लयीत बांगड्या. गर भट्टीत वाळल्यावर साल सोलताना येणारी कोरडी चुरचुर, जी कानाला लावलेल्या हेडफोनशिवाय ऐकूच येत नाही.

टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून कटरवरच्या बायका आधी हाताला दुसरं तेल चोळून घेतात. तो क्लोज-अप आम्ही फिल्ममध्ये सगळ्यात लांब ठेवला. काळी पडलेली बोटं, शेजारी तेलाची वाटी आणि त्या बोटांतून बाहेर येणारा अख्खा, पांढरा गर. शेवटी ग्रेडिंगचं टेबल. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पाउंडात ३२० पर्यंत गर, डब्ल्यू १८० म्हणजे १८० पर्यंत. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. हे व्यापाऱ्याला पाठ असतं, डब्यातून काजू काढून खाणाऱ्याला नसतं. ते सांगायला निवेदक घेतला नाही. ग्रेडिंगच्या काकी दोन ढीग पुढे सरकवतात, “ह्यो बघा, आणि ह्यो बघा,” एवढंच म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मालकाने फिल्म बघितली आणि विचारलं, “म्युझिक लावायचं राहिलंय ना अजून?” त्याला घाऊक खरेदीदारांना तशीच पाठवायला लावली. त्यांचे फोन आले ते भट्टीबद्दल, सोलणीबद्दल, तुकड्याच्या प्रमाणाबद्दल. भाव किती कमी करता हे त्यानंतर. पुढे दुसऱ्या एका कारखान्यातून आम्हाला विचारणा झाली, ती “तसलीच, बिनम्युझिकची” अशी.

हापूसचं काम याच्या उलट, त्यात आवाज काहीच नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी शहरातल्या गिऱ्हाइकाची खरी धास्ती कार्बाईडची. कार्बाईडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे तर पेटीवर सगळेच छापतात. देवगडच्या एका बागायतदारांना ते छापायचं नव्हतं, दाखवायचं होतं. म्हणून अढीचं टाइम-लॅप्स केलं. गवतात रचलेला हिरवा आंबा, वर टांगलेला कॅमेरा, दर दहा मिनिटांना एक फोटो. दिवसाचे १४४ फोटो, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर अख्खा दिवस सहा सेकंदांच्या आत संपतो आणि आठवड्याची अढी चाळीस सेकंदांत मावते.

हिशेब सोपा, अडचण विजेची. मे महिन्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि एलईडी पॅनल एकदा विझला की पुढच्या फ्रेममध्ये आंब्याचा रंग उडी मारतो. तेव्हा पॅनल इन्व्हर्टरवर, खिडकीला काळं कापड, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल, आणि घरच्यांना खोलीत यायची बंदी. ती बंदी बागायतदारांच्या आईने एक दिवसही पाळली नाही. “हात लावल्याबगर आंबो पिकता काय?” म्हणत त्या येणार, चाचपणार, एखाददुसरा परतून ठेवणार. त्यामुळे मध्येच एखाद्या फ्रेममध्ये त्यांचा हात चमकून जातो आणि आंब्याची कूस बदललेली असते. एडिटमध्ये ते पुसणं दहा मिनिटांचं काम होतं. पुसलं नाही. ऑर्डर देणारे आजही फोनवर “ती हातवाली जाहिरात” म्हणूनच विचारतात.

बिनपैशाचं कामही एक केलं, दशावताराचं. जत्रेत रात्रभर नाटक चालतं, पहाटे दहीकाला होतो. संवाद लिहिलेले नसतात, नट रंगेल तसं बोलतो, त्यामुळे पुढे काय होणार हे कॅमेऱ्याला आधी कळायचा प्रश्नच नाही. आम्ही रंगमंचाकडे पाठ केली आणि रंगपटात बसलो. एक नट, एक आरसा, एक बल्ब. आपला रंग आपणच लावायचा, मेकअपमन वगैरे भानगड नाही. मिशी काढलेल्या गड्याच्या चेहऱ्यावर राणी उभी राहीपर्यंत आम्ही कट केला नाही. याचे पैसे कुणी दिले नाहीत, मागितलेही नव्हते. मात्र कॅमेरा हलवायचा मोह आवरायची सवय तिथे लागली आणि सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांच्या कामात ती उपयोगी पडली. पांढऱ्या लाकडी केळ्यावर कारागीर पिवळा देतो, मग हिरवं टोक, मग पिकल्याचे तपकिरी ठिपके. हे सगळं एका शॉटमध्ये आहे. दुकानदार म्हणाला, बघताना लोक शेवटी केळं सोलायला जातात.

ड्रोन आम्ही विकला नाही, पण तो आता कमी उडतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनने धंद्याचं काम करायचं तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, हिरव्या झोनमध्ये, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा भागातही, १२० मीटर उंचीची मर्यादा, आणि चिपी विमानतळ सुरू झाल्यापासून त्याच्या आसपासच्या गावांत आधी नकाशा बघावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, “दोन मिनिटं उडवा, कोण बघतंय?” सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही.

पावसाळ्यात कामं नसतात आणि लेन्सला बुरशी धरते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला इथे सगळे देतात. तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते, त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आत दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर बरा. काटा पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला म्हणजे झालं. या चार महिन्यांत आम्ही पुढची कामं ठरवतो. वेगळ्या ट्रीटमेंटचे जादा पैसे लावत नाही. अट एवढीच, पहिला कट आमच्या पद्धतीचा, तो मालकाने एकदा तरी बाहेरच्या माणसाला दाखवायचा. नाहीच पटला तर बासरी लावून देतो. बासरी लावून दिलेली कामंही आहेत, ती आमच्या सॅम्पलमध्ये नसतात.

सध्या रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचं, काम चाललंय. समुद्र टाळता येत नाही, पण कॅमेरे किनाऱ्याकडे तोंड करून लावलेत : दोर ओढणाऱ्यांचे पाय, वाळूत रुतणाऱ्या टाचा, मासळीचे वाटे घालताना होणारी बोलाचाली. रापणीतले एक आजोबा पहिल्या दिवसापासून वैतागलेत. “अरे, पाय कित्याक काढतास? म्हावरा काढा!” वाऱ्याने बराच साउंड खाल्लाय, माइकवर केसाळ कव्हर असूनही. भाऊ त्यातून काय वाचतं ते बघतोय. उरलेलं नारळी पौर्णिमेनंतर, रापणी पुन्हा लागल्या की घ्यायचंय, आणि या वेळी माइक दोराच्या टोकाजवळ, माणसांच्या आडोशाला ठेवणार आहोत.