बासष्टचा वाद बी.ए.च्या वर्गात

चीनच्या प्रश्नावर कम्युनिस्ट पक्ष कसा दुभंगला, हे मी दरवर्षी पुस्तकातून शिकवतो. आमचं कॉलेज अमरावती जिल्ह्यातलं, मुलं कापूस-सोयाबीनच्या घरची. ऑगस्ट २०२५ मध्ये मी दोन जुन्या कार्यकर्त्यांनाच वर्गात बोलावलं. एक भाकपचे, म्हणजे मूळ कम्युनिस्ट पक्षाचे; दुसरे माकपचे, म्हणजे त्यातून फुटून निघालेल्या मार्क्सवादी पक्षाचे. दोघेही ऐंशीच्या पुढचे आणि एकाच गावचे.

मी थोडक्यात पार्श्वभूमी सांगितली. जानेवारी १९६२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस अजय घोष वारले. मग डांगे अध्यक्ष आणि नंबुद्रीपाद सरचिटणीस, अशी पक्षातल्या गटांत तडजोड झाली. ऑक्टोबरात युद्ध पेटलं. नोव्हेंबरात पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला आणि त्याच महिन्यात डाव्या गटाच्या नेत्यांची धरपकड झाली. एप्रिल १९६४ मध्ये ३२ जण परिषदेतून उठून गेले आणि त्यातूनच पुढे माकप उभा राहिला.

मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. तिचा भाऊ लडाखला तैनात आहे. तिने माकपच्या आजोबांना सरळ विचारलं, "तेव्हा तुम्ही देशाच्या बाजूने नव्हते का?"

वर्ग गप्प झाला. मी मध्ये पडणार होतो, पण आजोबांनी हातानेच थांबवलं. "पोरी, हा प्रश्न मले साठ वर्षांपासून लोक विचारून राह्यले. आमचं म्हणणं होतं, सीमेचा वाद बोलून मिटवा. बोलणं म्हणजे शरण जाणं नाही."

"गोळ्या सुरू झाल्यावर कोनाशी बोलतं गा?" भाकपवाले उसळले. "आधी सैन्याच्या मागं उभं राहा, मंग बोला!"

या मुद्द्यावर मी भाकपच्या आजोबांच्या बाजूचा आहे. जवान मरत असताना निषेधाचा ठराव हवाच होता. पण वेगळं मत मांडणाऱ्यांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबलं गेलं, याचा मला आजही संताप येतो.

मग माकपवाले जे बोलले, ते इतक्या नेमकेपणाने मला कधी सांगता आलं नव्हतं. "चीन त निमित्त होतं. खरा वाद नेहरूंचा. मॉस्को म्हने, नेहरू अलिप्ततावादी, म्हणजे आपले मित्र. आमी म्हनो, ते जमीनदार-भांडवलदारांचं सरकार चालवते, मित्र कसे?" भाकपवाल्यांनी मान डोलावली. परराष्ट्र धोरणाच्या आडून हे दोघे काँग्रेसशी कसं वागायचं, यावरच भांडत होते.

म्हणूनच काँग्रेसबद्दल एकमत झालं तेव्हा, जुलै २००८ मध्ये, चित्र पालटलं. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी काँग्रेसच्या मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा दोन्ही पक्ष एका बाजूला होते. भाकपचे सरचिटणीस होते आपल्या नागपूरचे बर्धन. तरीही माकपच्या घरात वाद झालाच: लोकसभेचं अध्यक्षपद सोडायला तयार नसलेल्या आपल्याच सोमनाथ चॅटर्जी यांना त्यांनी पक्षातून काढलं.

"सर, मग आपल्या कापसाचंही तसंच, वाद बाहेरचा आणि भांडण घरचं," एक मुलगा म्हणाला. अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क वाढवलं आणि आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं, ती बातमी ताजी होती. "शुल्क परत लावा," दोन्ही आजोबा एका सुरात म्हणाले. आणि त्यासाठी विरोधातल्या काँग्रेससोबत मोर्चा काढायचा की एकट्याने, यावर दोघांचं पुन्हा जुंपलं.