पान नंबर ३७

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी काहीही लिहा' असं संपादक मंडळाचं पत्र आलं आणि मी पहिल्यांदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी वही होतीच. खरं तर प्रार्थना, गॅदरिंग, सहल, दहावीचा निकाल असं सगळं लिहायला हवं. ते बाकीचे लिहितीलच. मला शाळा म्हटलं की ड्रॉइंगचे सर आठवतात, आणि मग दुसरं काही आठवतच नाही. सरांचं नाव लिहीत नाही. त्या हॉलमधला फळा ज्यांनी एकदा तरी पुसलाय, त्यांना ते सांगावं लागणार नाही.

१९८३ साली मी आठवीत होते. एलिमेंटरीच्या, म्हणजे चित्रकलेच्या परीक्षेच्या, तयारीला शाळा सुटल्यावर आम्ही अकरा जण थांबायचो. वस्तुचित्र, संकल्पचित्र कसंबसं निभायचं. स्मरणचित्रात मात्र माणसं काढावी लागत आणि माणसांना हात असतात. आमच्या बाजारातली सगळी माणसं हात पाठीमागे बांधून उभी. बायकांचे हात पदराआड, पोरांचे खिशात. एकदा सरांनी अकराच्या अकरा कागद ओळीनं लावले आणि विचारलं, "काय रे, कोल्हापुरात हातांची साथ आलीय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली. विकतची नव्हे. छापखान्यातले उरलेले कागद आणून स्वतः दोऱ्यानं शिवलेली, शंभर पानांची. कागद पातळ, म्हणून एकाच बाजूला काढायचं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल बॉलपेननं सरांच्या हातचा नंबर. खोडरबर बंद. चुकलं तर शेजारी पुन्हा काढायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की वह्या हॉलच्या खिडक्यांच्या कट्ट्यावर उघड्या मांडून ठेवायच्या. कुणीही यावं, चाळावं, आणि शेवटच्या पानावर काय चुकलंय ते लिहावं. पाचवीतल्या पोरांनासुद्धा मुभा होती. एकच शब्द लिहायला बंदी होती, 'छान'. जो 'छान' लिहील त्यानं शिक्षा म्हणून स्वतःच्या डाव्या हाताची पाच चित्रं काढायची. आज कुणी मोबाईलवर माझं चित्र पाहून अंगठा दाखवतं, तेव्हा त्या अंगठ्याची पाच चित्रं काढून घ्यावीत असं मला अजून वाटतं.

शरीर शिकायचं तर तालमीत जा, असं सरांचं मत. कोल्हापूरच्या पोराला तेवढ्यासाठी लांब जायला नको. मुलं रविवारी पहाटे तालमीत जाऊन बसायची. लाल मातीतल्या पाठी, जोर मारताना उचलले गेलेले खांदे, बैठकांनी फुगलेल्या मांड्या यांनी वह्या भरून आणायची. आम्ही तीन मुली. आम्हाला तालमीत कोण घेणार? वस्तादांचं काही चुकत नव्हतं, तो काळच तसा होता, पण राग यायचा तो यायचाच. मी सरांना म्हटलं, "मुलांना पैलवान आणि आम्हाला मात्र सुरई?" सर काही बोलले नाहीत. सोमवारी शाळा सुटल्यावर ते शिपाईमामांना घेऊन आले.

मामा जुने पैलवान. दोन्ही कान मोडलेले, भजीसारखे. खासबागेत लढलोय म्हणून सांगायचे, आणि ते मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं हे आम्हाला इतिहासाच्या पुस्तकाआधी मामांकडून कळलं. ते घंटेच्या बाजूचं स्टूल घेऊन बसले, उजवी बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि मूठ मांडीवर पालथी ठेवली. अर्धा तास हलले नाहीत. शाळेत कधी अर्धा मिनिट एका जागी न दिसणारा माणूस!

काढून झाल्यावर त्यांनी माझी वही मागून घेतली, लांब धरून बघितली आणि म्हणाले, "पोरी, ह्यो हात माझा न्हवं. ह्यात हाडच न्हाई. शेवयाचा हात हाय ह्यो."

शनिवारी माझ्या शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'पान ३७. खीर कधी?'

अक्षर कुणाचं ते मला माहीत आहे. आज तो मोठा बिल्डर आहे आणि ही स्मरणिका वाचणार आहे. घरी गेल्यावर मी ३७ नंबरचं पान टरकावलं आणि पेटत्या बंबात घातलं.

सोमवारी सरांनी वही चाळली. ३६, मग ३८. "सदतीस?"

"फाटलं, सर."

"फाटलं की फाडलं?"

ओरडले नाहीत. मामांना पुन्हा बोलावलं. मामांनी मला माझंच कोपर धरायला लावलं. "हितलं टोक धर. आता पंजा उलटासुलटा कर. टोक हाललं का?" नाही हललं. "आता अंगठ्याकडनं मनगट धर, आनि फिरव." तिथलं हाड मात्र अख्खं फिरून पलीकडे गेलं. सरांनी दोन पेन्सिली घेतल्या, दोन्ही टोकांना रबरबँड लावले आणि एकीवरून दुसरी तिरकी वळवून दाखवली. तळवा वर असला की दोन्ही हाडं शेजारी शेजारी, पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं. म्हणून हाताचा आकार मध्येच पिळल्यासारखा दिसतो. मी तिथे दोन सरळ रेघा मारल्या होत्या. रेडियस आणि अल्ना ही नावं पुढे पाच वर्षांनी कानावर आली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मामांची बाहीच आली.

त्या महिन्यात ३८ ते ६४ पानं फक्त हातांची भरली. आईचे कणीक मळताना, कंडक्टरचे तिकीट फाडताना, बाबांचे पेपर धरलेले. पंजाची लांबी हनुवटीपासून कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत साधारण आपलंच पाऊल, ही मापं सरांनी सांगितली नाहीत, मोजायला लावली. बसमध्ये स्वतःच्या तोंडावर पंजा ठेवून बसलेली मुलगी बघून लोक काय म्हणत असतील कोण जाणे.

मग एक दिवस सरांनी एक कोरा कागद खळीनं ३६ आणि ३८ च्या मध्ये चिकटवला, कोपऱ्यात ३७ घातलं आणि म्हणाले, "तोच हात काढ. होता तसा, चुकीचा."

मी खूप प्रयत्न केला. कच्च्या कागदावर चार-पाच वेळा काढून पाहिला. दर वेळी मनगटाशी पेन्सिल आपोआप वळायची. हाड यायचंच. सर शेजारी उभे राहून हसायला लागले. "राहू दे मग कोरंच."

एलिमेंटरीला मला बी ग्रेड मिळाली, हेही सांगून टाकते. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही, मला फार वाटलं.

दहावीनंतर मुंबईला जायचं ठरलं तेव्हा सर म्हणाले होते, "आपले चित्रकार आबालाल रहिमानसुद्धा जे.जे.त शिकले. पण परत आले आणि कोटितीर्थाच्या काठाला बसून रंगवत राहिले. तूही ये." मी काही परत आले नाही. गेली २६ वर्षं वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढते. हाडांच्या एका मोठ्या सर्जननी माझी मनगटाची चित्रं पाहून विचारलं, "तुम्ही डिसेक्शन कुठे केलंत?" मी म्हटलं, "शाळेच्या घंटेजवळ." त्यांना विनोद वाटला. हे सरांना सांगायला हवं होतं. दर दिवाळीत ठरवायचे, आणि एका दिवाळीत सर नव्हते.

मागे शाळेत येऊन गेले. ड्रॉइंग हॉलची कॉम्प्युटर लॅब झालीय. व्हायला हवीच, तक्रार नाही. पण खिडक्यांच्या कट्ट्यांवर यूपीएस ठेवलेत आणि ड्रॉइंगला आठवड्यात एकच तास उरलाय, तोही बऱ्याचदा गणिताच्या बाई मागून घेतात, असं मुलीच सांगत होत्या. आमच्याही वेळी मागायच्या. सर द्यायचे नाहीत.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी वही वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. संपादक मंडळाला विनंती, ती काचेच्या कपाटात ठेवू नये. एखादा यूपीएस हलवून कट्ट्यावर उघडी ठेवावी, जवळ दोऱ्यानं पेन्सिल बांधावी. शेवटच्या पानावर 'खीर कधी?'च्या खाली अजून बरीच जागा आहे.