तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरच्या पायावर मारलेली गोळी

हो, रडले. आधीच कबूल करून टाकते. ‘द लास्ट ऑफ अस’ हा व्हिडिओ गेम सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं होतात न होतात तोच त्याचा नायक जोएल याची मुलगी सारा जाते, तिथे मी उशीत तोंड खुपसून रडले होते. या सिनेमासारख्या गेम्सबद्दल मी जरा काही वाकडं बोलले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “मग रडलीस कशाला?” आणि त्याच्या मागोमाग, “मेटाक्रिटिकवर समीक्षकांचे शंभरपैकी ९५ गुण आहेत त्याला. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या तसल्याच गेमला ९७. सगळं जग वेडं आणि तू एकटी शहाणी?”

जग वेडं नाही. पण रडू आलं हा पुरावा कसला? ते रडू त्या प्रसंगाचं होतं, अभिनयाचं होतं, संगीतकार सांताओलालाच्या गिटारचं होतं. मी तिथे काय करत होते? एक कळ दाबून पळत होते. तेवढंच पडद्यावर नुसतं पाहिलं असतं तरी तेवढीच रडले असते. २०२३ साली एचबीओच्या मालिकेत तोच प्रसंग पाहून माझी मावशी रडली, तिने आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही.

हे सगळं मी नंतर शिकलेलं शहाणपण आहे. २०१५ साली मी याच गेमला “गेम नाही, कलाकृती आहे” असं मित्रांच्या ग्रुपवर लिहून मोकळी झाले होते. ‘गेम नाही’ हे तेव्हा मला कौतुक वाटत होतं. आता त्याच शब्दांवर माझं घोडं अडलंय.

त्याच वर्षी बाबा एसटीतून रिटायर झाले. ड्रायव्हर होते. दिवसभर घरात बसायची सवय नाही, म्हणून संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या मागच्या कॉटवर बसायचे आणि मी खेळत असताना बघायचे. मी सेकंडहँड घेतलेला पीएस फोर हा गेम कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला जोडला होता, त्यामुळे त्यांनाही दुसरा इलाज नव्हता. जोएल म्हणजे ‘दाढीवाला’, त्याच्यासोबत फिरणारी एली म्हणजे ‘ती पोरगी’. एलीला पोहता येत नाही, म्हणून जोएलने पाण्यातून लाकडी फळी ढकलत आणायची आणि तिला त्यावर बसवून पलीकडे न्यायचं, हे जेव्हा तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाबा म्हणाले, “तिला पोहायला शिकवा एकदाचं.” शिडी आली की, “परत शिडी?” एवढ्या मोठमोठ्या समीक्षकांना जे खुपलं नाही ते यांना दुसऱ्या दिवशी खुपलं.

मग आलं सॉल्ट लेक सिटीमधलं हॉस्पिटल. ज्या बुरशीने जग उद्ध्वस्त केलं तिचा एलीवर परिणाम होत नाही, लस बनवायची तर तिचा मेंदू काढावा लागणार, म्हणजे ती मरणार. तिला अख्ख्या अमेरिकेतून इथवर आणणारा जोएल आता सगळ्यांना मारत ऑपरेशन थिएटरमध्ये शिरतो. टेबलावर एली. मध्ये एक डॉक्टर, हातात स्काल्पेल, पण तो अंगावर येत नाही. नुसता आडवा उभा राहतो.

मी थांबले.

“काय झालं? अडकलं का?” बाबा.

“नाही. याला मारायला लागेल बहुतेक.”

“मग नको मारू. बाजूने जा.”

गेले. जाता येत नाही. मागे फिरून पाहिलं. दार बंद. पाचेक मिनिटं मी त्या खोलीत नुसती इकडून तिकडे चालत होते. डॉक्टर तसाच उभा, भिंतीला टेकलेल्या दोन नर्स तशाच. माझ्याशिवाय तिथे कोणालाच घाई नव्हती. शेवटी मला एक युक्ती सुचली. पिस्तूल काढलं, नेम खाली धरला आणि त्याच्या पायावर गोळी मारली. लंगडत बाजूला होईल, असा हिशेब.

डॉक्टर मेला.

“पायावर गोळी लागून मेला?” बाबांनी कप खाली ठेवला. “मग तुझ्या हातात काय होतं?”

मला उत्तर देता आलं नाही, आणि राग मात्र बाबांचा आला. एवढ्या सुंदर गोष्टीचा असा कचरा करतात म्हणून चिडून टीव्ही बंद केला. शेवट मी रात्री एकटीने संपवला. जोएल एलीशी धडधडीत खोटं बोलतो, ती “ओके” म्हणते, संपतं. अप्रतिम शेवट आहे, आजही म्हणेन. पण मी तो जोएलवर रुसून पाहिला की गेमवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हाची मी म्हणायची, अगं, जोएल म्हणजे तू नव्हेस. तो असाच आहे. त्याला तुझी परवानगी नकोय. बरोबर आहे. मग कंट्रोलर माझ्या हातात कशाला दिला? आणि पायावर मारायची मुभा देऊन ती गोळी छातीत लागल्यासारखी का मोजली? सरळ दृश्यच दाखवायचं होतं. मी हात मांडीवर ठेवून पाहिलं असतं.

२०२० साली दुसरा भाग आला आणि तो अख्खा भाग त्याच डॉक्टरच्या खुनावर उभा. त्याची मुलगी ॲबी सूड घ्यायला येते, जोएलला गोल्फ क्लबने मारते, आणि अर्धा गेम आपण तीच होऊन खेळतो. केलेल्या हिंसेचा जाब विचारणारा गेम म्हणून वाहवा झाली. मी टीव्हीसमोर बसून मोठ्याने म्हणाले, “मी पायावर मारली होती!” जाब कोणाला विचारताय? शेवटी तर कहर. समुद्राच्या पाण्यात एली ॲबीला बुडवतेय, त्यासाठी बटण दाबत राहायचं मी. आणि मग एली आपली आपण तिला सोडून देते. बुडवायचं बटण माझ्याकडे, सोडायचं तिच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, ही मुळात सिनेमावरच जळते. नाही हो. ‘द लास्ट ऑफ अस’ आला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा गेम आला. कंट्रोलरच्या डाव्या काडीने थोरला भाऊ चालतो, उजवीने धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती, तो थोरल्याला धरूनच पोहतो. थोरला मरतो. पुढे नदी येते, धाकटा काठावर अडतो, आणि तुमच्या लक्षात येतं की डाव्या हाताची ती थोरल्याची कळ इतका वेळ रिकामी पडली होती. ती दाबली की तो पाण्यात उतरतो. हे मावशीला मालिकेत कसं दाखवणार?

आणि माझ्याच बोलण्याला छेद देणारं सांगायचं तर ‘द लास्ट ऑफ अस’च्या त्याच दुसऱ्या भागात गिटार आहे. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून तारा छेडायच्या. शेवटी एलीची दोन बोटं गेलेली असतात, ती जुनं गाणं वाजवायला बसते. माझी पाचही बोटं शाबूत आणि सूर मात्र लागत नव्हता. ते कोणी सिनेमातून उचललेलं नाही. तिथे मेटाक्रिटिकवरचे ९३ काय, शंभर द्या.

मी एकदा बाबांना म्हटलं, तुमचंच खरं, असले गेम सोडले मी. तर तेच उलटले. “नाशिक-पुणे अकरा वर्षं चालवली मी. रूट माझा नव्हता, थांबे माझे नव्हते. म्हणजे गाडी मी चालवली नाही?”

“पण महामंडळाने तुम्हाला कोणाच्या अंगावर गाडी घालायला नाही सांगितली.”

ते गप्प झाले. “तेही खरंय,” म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “पण घाटात गाडी कशी घ्यायची ते माझ्याच हातात होतं.”

पहिल्या भागात हॉस्पिटलच्या थोडं आधी जिराफ येतात. मोडक्या शहरातल्या हिरवळीत चरणारा कळप, वरच्या कठड्याला टेकून जोएल आणि एली बघत उभे. तिथून कधी निघायचं ते तुम्ही ठरवायचं. कोणी घाई करत नाही. मी एक खेळ तिथेच सेव्ह करून ठेवलाय. बाबा अधूनमधून म्हणतात, “ते जिराफवालं लाव.” लावते. दोघं चहा पितो. परवा त्यांनी विचारलं, “पुढे नाही का जायचं?”

म्हटलं, चहा संपू दे.