परसात कळलावी फुलली

आज सकाळी टिळकवाडीतल्या आमच्या परसात कळलावी फुलली! जांबोटीच्या मामांनी आपल्या बांधावरचा कंद उन्हाळ्यात काढून दिला होता. पावसाला कोंब आला आणि भराभर कुंपणावर चढला. पानाचं टोकच तारेला वेढा घालतं, वेगळे ताणे नाहीत. नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल; आणि मधला स्त्रीकेसर काटकोनात बाजूला वाकलेला. किती वेळ बघत उभी होते! पाणी साचून कंद कुजतो, म्हणून मातीत वाळू घातली होती. कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं, पोरांना हात लावू देऊ नका. रानातून मात्र कुणी उपटू नका. शेंगा धरल्या तर बी देईन, फूल यायला काही वर्षं लागतील. कुणाला हवंय?