पूर ओसरल्यावर गावची विहीर पिण्याजोगी करताना

31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात घरादारांत, दुकानांत गाळ शिरला. अशा वेळी किराणा, चादरी लगेच येतात. विहिरीकडे लक्ष जायला उशीर होतो आणि जुलाब, कावीळ तिथूनच पसरते. म्हणून आमच्या गटाने विहिरींचं काम अंगावर घेतलं.

खाजगी विहीर असेल तर आधी फोटो काढायचे, तलाठ्यांना विचारायचं. पंचनाम्याआधी गाळ काढला तर शेतकऱ्याची भरपाई अडकू शकते.

मोटर लावून विहीर एका दमात कोरडी करायची घाई सगळ्यांनाच होते. ती करू नये. पुरानंतर भोवतालची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी एकदम गेलं की तिचा दाब बांधकामावर येतो आणि कडा ढासळते. आम्ही दोन-तीन हात उपसून थांबायचो, कडा बघायचो, मग पुढे. डिझेल इंजिन काठापासून लांब ठेवायचं, विहिरीत कधीच उतरवायचं नाही. लोक कंदील सोडून हवा तपासतात. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, पण इंजिनाच्या धुरातला विषारी वायू त्याला कळत नाही. आत उतरायचं ते विहिरी खोदणाऱ्या सराईत माणसांनीच, कमरेला दोर बांधून. पोरांनी वरून घमेली ओढावीत, ते कामही कमी नाही.

मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. अंदाजाने मूठभर टाकणं ही नेहमीची चूक. आधी विहिरीतलं पाणी मोजायचं. गोल विहिरीच्या रुंदीचा (फुटांत) वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 0.785 केलं की घनफूट मिळतात; त्याला 28.3 ने गुणलं की लिटर. 12 फूट रुंद विहिरीत 10 फूट पाणी म्हणजे सुमारे 32,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 80 ग्रॅम. हा हिशोब ताज्या पावडरीचा आणि निवळ पाण्याचा. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, आणि तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर निम्मीही कामाची नसते.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी भरून ढवळायची आणि दहा मिनिटं निवळू द्यायची. तळाशी पांढरा चुना बसतो, तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आडवी हलवायची. नुसतं वरून ओतलं तर तळाचं पाणी तसंच राहतं.

पुढचा एक तास पाणी भरू द्यायचं नाही. हंडे घेऊन आयाबाया थांबलेल्या असतात, म्हणून एक पोरगा काठावर बसवायचाच. तासाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून (गावचं पाणी तपासणारा माणूस) ओटी टेस्ट करून घ्यायची: नळीत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब, मागे पांढरा कागद. दहा सेकंदांच्या आत पिवळी छटा दिसली तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही दिसली तर पुन्हा मात्रा, पुन्हा तास. आजूबाजूचं पाणी झिरपत असतं, त्यामुळे पुढचे काही दिवस रोज सकाळी हीच टेस्ट करायची आणि तोवर प्यायचं पाणी उकळूनच घ्यायचं.