सापाची सर्दी

पुण्यात डिसेंबरमध्ये थंडी पडली की मी रात्री बंडूच्या पेटीला कान लावते. बंडू म्हणजे आमचा बॉल पायथन, आफ्रिकेतल्या जातीचा पाळीव अजगर; त्याचा श्वास ऐकायचा असतो. आई म्हणते, "माझ्या नातवंडांचं तरी एवढं करतेस का?"

पण सापाला खोकता येत नाही! छाती आणि पोट वेगळं करणारा पडदाच नसतो, त्यामुळे फुप्फुसात साचलेला चिकटा बाहेर फेकणं अवघड. कात टाकण्याच्या सुमारास नाकातून बारीक शिट्टी येते, तिचं मला फारसं काही वाटत नाही. कात निघाल्यावरही आवाज राहिला, नाकपुडीशी बुडबुडे दिसले, तोंडात लाळेच्या तारा आल्या किंवा मान उंचावून उघड्या तोंडाने श्वास सुरू झाला, की मात्र थेट डॉक्टर. तेही सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले.

गेल्या हिवाळ्यात बंडूचा एक्स-रे झाला, स्वॅब तपासला आणि सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सुरू झालं. हे इंजेक्शन सापांना साधारण ७२ तासांनी, शरीराच्या पुढच्या भागात देतात. घरी आमच्याकडे उबेचं काम: थर्मोस्टॅट लावून गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २६. गारठलेल्या सापाची प्रतिकारशक्ती मंदावते, मग औषधही नीट लागू पडत नाही. शेजारच्या काकूंनी निलगिरीची वाफ सुचवली होती. नाही म्हणजे नाही.

प्रतिजैविकाने फरक पडेना तर सर्पेंटोव्हायरसची, म्हणजे सापांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या विषाणूची, चाचणी करून घ्या. विषाणूवर ही इंजेक्शनं चालत नाहीत. आणि नवा साप आणलात तर काही महिने वेगळ्या खोलीत ठेवा, खाऊ घालायचा चिमटाही वेगळा.

धामणीबद्दल विचारू नका. आपले देशी साप घरात ठेवायला १९७२चा वन्यजीव कायदा परवानगी देत नाही.